यंत्राचे डोळे बदलले

विहिरीतला गाळ आपण केव्हा काढतो? उन्हाळ्यात, पाणी तळाला गेले म्हणजे. भरल्या विहिरीत ते काम होत नाही. जगातल्या एका फार मोठ्या यंत्राचेही असेच आहे. ते बंद असते, तेव्हाच आत शिरून त्याची दुरुस्ती करता येते.

हे यंत्र युरोपात, जिनिव्हा शहराजवळ आहे. सर्न नावाच्या संस्थेने ते उभारले. तिथे जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल एक गोल बोगदा आहे. त्याचा घेर २७ किलोमीटर. परभणीहून पूर्णेला जावे, साधारण तेवढा लांब!

बोगद्यात काय चालते? ज्वारी दळली की पीठ होते. पिठाच्या कणाहून कितीतरी बारीक असतो अणू. अणूच्या पोटात त्याहून बारीक कण असतात. त्यांतला एक प्रोटॉन. असे प्रोटॉन समोरासमोरून जोराने पळवतात आणि त्यांची टक्कर घडवतात. टकरीतून नवे कण उडतात. ते साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना टिपायला वेगळी यंत्रे लागतात. त्यांतल्या एकाचे नाव सीएमएस. वजन १४,००० टन आणि उंची पाच मजली इमारतीएवढी.

या कामात आपल्या मुंबईचाही हात आहे. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा यांनी ती १९४५ साली काढली. सीएमएसच्या एका भागासाठी तिथे खास प्लॅस्टिकच्या पट्ट्या तयार झाल्या. कण आरपार गेला की पट्टी क्षणभर चमकते. तो मंद उजेड दोऱ्याएवढ्या बारीक तंतूतून एका 'डोळ्या'कडे जातो. हा डोळा उजेडाची वीज करतो. मग कण आला, हे कळते.

सीएमएसच्या आत एक जबर चुंबक आहे. मुंबईच्या पट्ट्या त्याच्या बाहेर बसवल्या. आतून निसटलेले कण टिपायचे, हे त्यांचे काम. जणू बांधावरचे राखणदारच!

पण एक अडचण आली. चुंबकाचा जोर बाहेरही पोचत होता. त्यामुळे जुने डोळे बिघडत. कण आलेला नसतानाही 'आला' म्हणून सांगत. आता सांगा, खोट्या साक्षीवर पंच निवाडा देतील का? शास्त्रज्ञ तरी कसा देतील?

मग काय केले? नांगराचा फाळ झिजला तर आपण फाळ बदलतो, नांगर मोडत नाही. पट्ट्या चांगल्या होत्या, त्या ठेवल्या. २०१३ आणि २०१४ साली यंत्र बंद होते. तेव्हा डोळे तेवढे बदलले. नवे डोळे सिलिकॉनचे. त्यांच्यावर चुंबकाचा जोर चालत नाही. मंद उजेडही ते नीट ओळखतात.

सुधारणेचे काम इथेच संपत नाही. पुढे टकरी कितीतरी वाढवायच्या आहेत. रास मोठी झाली की चाळणही बारीक हवी. म्हणून सीएमएसच्या दोन्ही टोकांना नवी, फार बारीक नजरेची यंत्रे बसवायची ठरली. त्या कामातही मुंबईची संस्था आहे.

याचा आपल्याला काय उपयोग? असेच सिलिकॉनचे डोळे आता इस्पितळात कर्करोग शोधणाऱ्या काही यंत्रांतही असतात. शरीरात रोग कुठे लपला आहे, ते डॉक्टरांना त्यांच्यामुळे दिसते. तिथेही साक्ष खरीच लागते. तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.