अर्ध्या मिलिमीटरच्या आतली माशी

ब्राझीलच्या अमेझोनास राज्यात, मनाउस शहराच्या उत्तरेला दिमोना नावाची जागा आहे. जोसे आल्बेर्तिनो राफाएल या ब्राझिली कीटकशास्त्रज्ञाने तिथून गोळा केलेल्या किड्यांमध्ये एक मादी माशी निघाली. लांबी ०.३९५ मिलिमीटर. खसखशीच्या एका दाण्यावर अशा दोघी शेजारी शेजारी मावतील. लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधल्या ब्रायन ब्राउन यांनी जानेवारी २०१८मध्ये तिचं वर्णन छापलं आणि जगातली सर्वांत लहान ज्ञात माशी हा मान तिच्याकडे आला. तोवर तो थायलंडच्या केंग क्राचान राष्ट्रीय उद्यानातल्या ‘युरिप्लॅटिया नानकनिहाली’कडे होता. तिची लांबी ०.४० मिलिमीटर, आणि तिचं बारसंही २०१२ साली ब्राउन यांनीच केलेलं. म्हणजे गड्याने स्वतःचाच विक्रम मोडला, तोही पाच मायक्रॉनने.

ब्राझीलच्या माशीचे पुढचे दोन पाय पैलवानाच्या दंडासारखे फुगलेले आहेत. मधले आणि मागचे पाय मात्र नुसते खुंट उरलेत. हे ध्यान कुठल्याच जुन्या प्रजातीत बसेना, म्हणून तिच्यासाठी नवी प्रजाती करावी लागली. पूर्ण नाव ‘मेगाप्रोपोडिफोरा अर्नोल्डी’. हा अर्नोल्ड म्हणजे आपला श्वार्झनेगरच. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांना अशा गमतीचं वावडं नाही. लॅटिन लिपीत लिहिलेलं असावं, आधी कुणी वापरलेलं नसावं, व्याकरण सांभाळावं, एवढं पाळलं की झालं.

अशी माशी जाळं फिरवून हाती लागत नाही. तिला धरायचं तंत्र रने मालेज या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाच्या डोक्यातून आलं. तंबूत शिरलेले किडे वर चढत जाऊन कोपऱ्यात गोळा होतात, हे त्याने पाहिलं होतं. त्या कोपऱ्यालाच बाटली लावली तर? १९३०च्या दशकात ब्रह्मदेशाच्या मोहिमेत त्याने तसा सापळा वापरला आणि १९३७ साली त्याची माहिती छापली. आजही जगभर तोच वापरतात. मधोमध काळ्या जाळीची उभी भिंत, वर उतरतं छत. उडता किडा भिंतीला अडला की उजेडाच्या दिशेने वर सरकतो, छताच्या उंच टोकाशी पोचतो आणि तिथल्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. सापळ्यापाशी कुणाला बसावं लागत नाही.

खरं काम बाटली टेबलावर आल्यावर सुरू होतं. पतंग, गांधीलमाश्या, भुंगेरे आधी बाजूला काढतात. खाली उरतो पाय, पंख, खवले यांचा गाळ, आणि अर्ध्या मिलिमीटरची माशी असते ती त्या गाळात. ती सूक्ष्मदर्शकाखाली आणून पारदर्शक करावी लागते, काचपट्टीवर बसवावी लागते. मग डोक्यावरचे राठ केस किती आणि कुठे, पंखातल्या शिरा कशा जातात, अंडी घालायचा अवयव टोकाला कसा आहे, हे सगळं जवळच्या ज्ञात जातींशी ताडून पाहायचं. एका केसावरून जात वेगळी ठरू शकते. पूर्वीची वर्णनं जर्मनमध्ये, फ्रेंचमध्ये, क्वचित लॅटिनमध्ये असतात, तीही वाचावी लागतात. नव्या नावाचा आधार म्हणून निवडलेला नमुना संग्रहालयात कायमचा राहतो. पुढे कुणाला शंका आली तर निवाडा त्या नमुन्यावरूनच होतो. अर्नोल्डीच्या बाबतीत तो आधार म्हणजे एकुलती एक मादी.

नमुना हवाच का, यावरूनही रण माजलं आहे. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं वर्णन निव्वळ छायाचित्रांवरून करण्यात आलं, तेव्हा शेकडो वर्गीकरणतज्ज्ञांनी सह्या करून निषेध नोंदवला. मला त्यांचं म्हणणं पटतं. फोटोत जो केस दिसलाच नाही, तो पुढे कसा मोजणार?

एवढ्याशा देहाने या विक्रमी माश्या जगतात कशा? दोन्ही विक्रमवीर फोरिड कुलातल्या. उडण्यापेक्षा थांबत-थांबत तुरुतुरु पळणाऱ्या या माश्या. यांच्यातल्या काही मुंग्यांवर वाढतात. सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो दक्षिण अमेरिकेतल्या ‘स्यूडॅक्टिऑन’ माश्यांचा. मादी लाल अग्निमुंगीच्या वर काही मिलिमीटरवर घोंघावत राहते, झेप घालते आणि क्षणार्धात मुंगीच्या छातीत अंडं टोचून निघून जाते. अळी तिथून डोक्यात सरकते. मुंगी आपली रोजची कामं करत असते. मग अळीच्या स्रावाने मानेचे सांधे सुटतात, डोकं गळून पडतं. आतला ऐवज संपवून अळी त्या रिकाम्या कवटीतच कोष करते आणि नवी माशी मुंगीच्या तोंडावाटे बाहेर येते. उपद्रवी अग्निमुंग्यांना आवर घालायला १९९७पासून अमेरिकेच्या फ्लोरिडात या माश्या मुद्दाम सोडल्या गेल्या.

थायलंडच्या माशीला असं करताना कुणी पाहिलेलं नाही. तिची आफ्रिकेतली बहीण इक्वेटोरियल गिनीमध्ये ‘क्रिमॅटोगॅस्टर’ मुंग्यांवर वाढते, त्यावरून ब्राउन यांनी हिचाही धंदा तोच धरला. अंदाज खरा असेल तर जेमतेम दोन मिलिमीटरची मुंगीही लहान असल्यामुळे सुटत नाही. क्रिमॅटोगॅस्टर आपल्यालाही परकी नाही. सह्याद्रीत झाडांच्या फांद्यांवर चघळलेल्या लाकडाची गोलसर तपकिरी घरटी दिसतात, ती हिचीच. तांबूस सुतार पक्षी तर या मुंग्यांच्या घरट्यातच भोक पाडून अंडी घालतो.

भारतातल्या माश्यांची शास्त्रीय यादी करायला मोठा हातभार लावला तो एन्रिको ब्रुनेटी या माणसाने, आणि तो पेशाने वादक! कोलकात्यात राहून त्याने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत माश्यांवरचे तीन खंड लिहिले, १९१२ ते १९२३ या काळात. पगारी तज्ज्ञांची उणीव हौशी माणसांनी भरून काढण्याची ही रीत कीटकशास्त्रात जुनीच.

आज जगभरात माश्या-डासांच्या नाव मिळालेल्या जाती दीड लाखाहून अधिक आहेत. आकडा मोठा वाटतो, पण कोस्टारिकातल्या सुर्की गावाजवळचा हिशोब पाहा. तिथल्या मेघारण्याचा जेमतेम चार हेक्टरांचा तुकडा तज्ज्ञांनी पिंजून काढला, आणि २०१८ साली जाहीर झालेला आकडा होता ४,३३२ जाती. फक्त माश्या-डासांच्या, तेवढ्याशा जागेत. त्यातल्या कितीतरींना अजून नाव नाही.

हे फक्त वर्षावनातच घडतं असंही नाही. ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्द लॉस एंजेलिस शहरात घरांच्या परसात मालेजचे सापळे लावले. एमिली हार्टॉप यांनी हजारो फोरिड माश्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. २०१५ साली त्यातून ‘मेगासेलिया’ या एकाच प्रजातीच्या ३० नव्या जाती निघाल्या, आणि नावं देताना ज्यांच्या बागेत सापळे होते त्या मंडळींचा मान राखला गेला. पुढच्या वर्षी त्याच शहरातून आणखी १२ जाती छापून आल्या. हॉलिवूडचं गाव ते, शोधनिबंधाच्या शीर्षकातही ‘सीक्वेल’ हा शब्द होता.