कर्णाचा नकार आणि बेलवलकरांचे दान

नाशिकात गोदावरी ओलांडून पंचवटीत शिरणारा यात्रेकरू रामकुंडावर स्नान करून, काळ्या रामाचे दर्शन घेऊन, सीतागुंफेच्या अरुंद वाटेने अंग चोरून उतरतो आणि पुन्हा वर येतो, तेव्हा त्याच्या तोंडून बहुधा एकच उद्गार निघतो : प्रत्यक्ष देवाला भोग चुकले नाहीत, तेथे आपली काय कथा! या उद्गारात पिढ्यान्‌पिढ्यांचे सांत्वन साठलेले आहे, आणि ज्याच्या घरी अकाली मरण आले किंवा भरला संसार ज्याच्या डोळ्यांदेखत मोडला, त्याच्याशी या सांत्वनावरून वाद घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या कथेवरून हा निष्कर्ष काढला जातो, ती कथाच तो पुरता मान्य करीत नाही.

वाल्मीकींच्या अरण्यकांडात पंचवटीचा अनर्थ ज्या क्रमाने घडतो तो क्रम पाहावा. सोन्याचा मृग दिसताच हा मारीच असला पाहिजे, असे लक्ष्मणाने तत्क्षणी बोलून दाखविले होते. रामाने ते ऐकले आणि तरीही तो धनुष्य घेऊन निघाला. मारीचाने रावणाला या दुःसाहसापासून परावृत्त करण्याचा परोपरीने यत्न केला होता, आणि दोन्हीकडे मरणच आहे असे दिसताच रावणाच्या हातून मरण्यापेक्षा रामाच्या हातून मरणे त्याने पत्करले. रानातून आर्त हाक आली तेव्हा हा राक्षसी मायेचा प्रकार आहे, असे लक्ष्मण सांगत असताही सीतेने त्याला अशी कठोर वचने ऐकविली की त्याला जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. प्रत्येक पायरीवर कोणीतरी सावध करणारा आहे आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी जाणूनबुजून पुढचे पाऊल टाकतो आहे. आपण सारे जिचा उठताबसता दाखला देतो ती लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या कथेत नाही, ती पुढच्या काळात आली. आणि मला वाटते, तिची गरज लोकांना भासली हेच फार बोलके आहे. मुखाने प्राक्तन म्हणणाऱ्या लोकमानसालाही आतून जाणवत होते की या कथेत कोणीतरी काहीतरी ओलांडले आहे, आणि ते ओलांडणे डोळ्यांना दिसावे म्हणून त्याने जमिनीवर एक रेघ ओढून घेतली.

पाश्चात्त्य शोकात्मिकेचा विषय निघाला की दैवाची प्रतिष्ठा तेथे फारच थोर, असे आपण गृहीत धरतो. ॲरिस्टॉटलच्या ज्या छोट्याशा ग्रंथावर, म्हणजे विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेल्या काव्यशास्त्रावर, हा सारा विचार उभा आहे, त्यात मात्र दैवाचा स्वतंत्र सिद्धांत जवळजवळ नाहीच. तो सांगतो ते असे की, ना पुरता पुण्यवान ना पुरता दुष्ट असा मनुष्य दुष्टपणामुळे नव्हे तर एखाद्या मोठ्या प्रमादामुळे वैभवातून विपत्तीत पडावा, म्हणजे प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भीती उत्पन्न होते. ईडिपसच्या कथेत तर देववाणीने सारे आधीच सांगून ठेवलेले आहे. तरीही सोफोक्लीजचे नाटक घडते ते ईडिपस चौकशी थांबवीत नाही म्हणून. त्याची राणी त्याला विनविते, म्हातारा धनगर हातापाया पडतो, आणि हा राजा सत्य बाहेर येईपर्यंत मागे हटत नाही. अखेर डोळे फोडून घेतल्यावर तो सांगतो की हे दुःख अपोलोने आणले खरे, पण घाव घालणारा हात माझा स्वतःचा. पित्याचा वध आणि मातेशी विवाह या गोष्टी त्याच्या अज्ञानात होऊन गेल्या होत्या. रंगभूमीवर आपण पाहतो ते त्याचे सत्यशोधन, आणि ते सर्वस्वी त्याचे आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा खरा नायक कर्ण. संस्कृत नाट्यपरंपरेने शोकान्त नाटकाला फारसा आश्रय दिला नाही. तथापि भासाच्या नावावर असलेली आणि त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून प्रसिद्ध केलेली जी नाटके आहेत, त्यांतील ‘कर्णभार’ या एकांकिकेत युद्धाला निघालेला कर्ण शल्याला परशुरामाच्या शापाची हकीकत सांगतो, आणि त्याच वाटेवर ब्राह्मणवेषाने आलेल्या इंद्राला, शल्य निवारीत असतानाही, कवचकुंडले देऊन टाकतो. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’त तोच कर्ण जातीवरून हिणविणाऱ्या अश्वत्थाम्याला उत्तर देतो की कोणत्या कुळात जन्मावे हे दैवाच्या हाती, पण पराक्रम माझ्या हाती. या एका वाक्यात दैव आणि पौरुष यांच्या सरहद्दीवर जणू दगड रोवला गेला आहे.

महाभारतकारांनी उद्योगपर्वात जो प्रसंग रचला आहे तो मला याहूनही मोठा वाटतो. शिष्टाई फसल्यावर हस्तिनापुरातून परतताना कृष्ण कर्णाला आपल्या रथात घेतो आणि त्याच्या जन्माचे रहस्य त्याला सांगतो : तू कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहेस, चल, पांडव तुझे पाय धरतील, राज्याभिषेक तुला होईल. ज्या अन्यायाने कर्णाचे सारे आयुष्य पोखरले, तो या क्षणी दूर होऊ शकत होता. आणि कर्ण नाही म्हणतो. अधिरथाने मला घरी नेले, राधेला माझ्यासाठी पान्हा फुटला, सूतकुळात माझे विवाह झाले, मुलेनातवंडे झाली, दुर्योधनाने माझ्या भरवशावर शस्त्र उचलले. साऱ्या पृथ्वीच्या मोलाने किंवा सोन्याच्या राशींनीही हे नाते मी खोटे करणार नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. एवढेच नव्हे, तर हे रहस्य युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, असेही तो कृष्णाला विनवितो. कारण युधिष्ठिर राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. कौरवांचा सर्वनाश होणार हे त्याला स्वप्नात दिसलेले आहे, आणि तेही तो सांगून टाकतो. पराभव ठाऊक असून पराभूतांच्या पक्षात राहण्याचा असा निर्णय जगाच्या वाङ्मयात विरळा.

गेल्या दोन-तीन पिढ्यांत मराठी वाचकाने कर्णावर अपरंपार प्रेम केले; शिवाजी सावंतांच्या १९६७ सालच्या ‘मृत्युंजय’ने तर त्याला घराघरांत नेले. या प्रेमाच्या भरात कर्णाच्या प्रत्येक कृत्याची जबाबदारी दैवाच्या खात्यावर टाकण्याची एक रीत पडून गेली आहे, आणि ती मला मान्य करता येत नाही. नदीत सोडलेले मूल ही दैवाची, किंबहुना कुंतीच्या भयाची, करणी. परंतु द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रे उतरविण्यास सांगणारी वाणी कर्णाची होती. तिला कोणत्याही शापाने भाग पाडलेले नव्हते, आणि पांडवांना बोललेल्या कटू शब्दांचा पश्चात्ताप कर्ण स्वतः कृष्णापाशी व्यक्त करतो. जो ती जबाबदारी त्याच्यावरून काढून घेतो, तो रथातल्या त्या नकाराचे श्रेयही त्याच्याकडून काढून घेतो. कारण दोन्ही कृत्ये एकाच माणसाची आहेत, आणि एकात दैवाचा हात मानावयाचा व दुसऱ्यात मानावयाचा नाही, असा न्याय चालत नाही.

कर्णावर ‘कौंतेय’ हे नाटक १९५३ साली लिहिणारे वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, हे नाशिकचे. पुण्यात १९१२ साली जन्मलेल्या या मुलाचे नाव गजानन रंगनाथ. चुलत्याला दत्तक गेल्यावर तो विष्णू वामन झाला. जन्माने मिळालेले नाव आणि पालनाने मिळालेले नाव यांतील अंतर या कवीला बालपणापासून परिचयाचे होते, यापलीकडे त्यावरून मी काही सिद्ध करू इच्छीत नाही. त्याच्या तारुण्यातील दुसरी एक गोष्ट मात्र या विषयाशी अधिक निकट आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला; दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे सुमारे पाच वर्षे नेटाने चालविला, आणि कॉलेजात शिकणारा हा तरुण त्यात सहभागी झाला.

त्या सत्याग्रहात सनातन्यांच्या बाजूने जे बोलले जात होते त्याचा गाभा पूर्वकर्माच्या विपाकाचाच होता : ज्या कुळात जन्म झाला ते पूर्वसंचित, आणि संचित भोगूनच संपवावयाचे. ‘वेणीसंहारा’तील कर्णानेही जन्माचा दगड दैवाच्या हद्दीत ठेवला होता. मंदिराची दारे उघडली नाहीत. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी घोषणा केली की, हिंदू म्हणून जन्माला येणे माझ्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मी मरणार नाही. दैव आणि निर्णय यांची सरहद्द इतक्या स्वच्छपणे आधुनिक भारतात क्वचितच कोणी आखली असेल. कर्णाला पृथ्वीचे राज्य देऊ केले होते आणि त्याने उपकारकर्त्याच्या प्रेमापोटी आपली जागा सोडली नाही. येथे उपकाराचे बंधन नव्हते, होता तो शतकांचा अपमान, आणि ज्याला लोक विधिलिखित म्हणत होते ते माणसांनी माणसांवर लादलेले आहे, हे ज्याने ओळखले त्याने ती जागा सोडण्याचे ठरविले. २१ वर्षांनी नागपुरात तो शब्द पुरा झाला. शोकान्तिकेच्या अभ्यासकाने नीतिशास्त्राचे ग्रंथ उघडण्यापूर्वी येवल्याच्या या वाक्यावर थोडा वेळ थांबावे, असे मला मनापासून वाटते. कारण दैव म्हणून जे आपल्यासमोर ठेवले जाते त्यातील केवढा भाग कोणा दुसऱ्याच्या निर्णयाचा असतो, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

‘नटसम्राट’ या प्रश्नाकडे घरगुती वाटेने येते. नानासाहेब फाटकांसाठी ‘किंग लिअर’ मराठीत करावा या विचारातून निघून शिरवाडकर अखेर एका स्वतंत्र नाटकापाशी पोहोचले, आणि २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग केला. गणपतराव बेलवलकरांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. भरला व्यवसाय सोडून ते नुकतेच पूर्णवेळ नट झाले होते. कृतार्थतेच्या क्षणी आपले सर्वस्व मुलांना देऊन टाकणाऱ्या वृद्ध नटाची ती कथा मराठी प्रेक्षकाला सांगण्याची गरज नाही.

लिअर आणि बेलवलकर यांच्यात एक मोठा भेद मात्र आहे, आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. लिअरला तीन मुली आहेत. खरे प्रेम करणाऱ्या कॉर्डिलियाला तो झिडकारतो आणि गोड बोलणाऱ्या दोघींच्या पदरी राज्य टाकतो. त्याचा प्रमाद पारखण्यातला आहे. बेलवलकरांना मुलगा नंदा आणि मुलगी नलू अशी दोनच अपत्ये आहेत; झिडकारलेले तिसरे अपत्य शिरवाडकरांनी ठेवलेच नाही. बेलवलकर कोणावर अन्याय करीत नाहीत, कोणाला पारखण्यात चुकत नाहीत, खुशामतीला भुलत नाहीत. ते केवळ हातचे काही राखून न ठेवता देतात. पत्नी कावेरी, जिला ते कौतुकाने ‘सरकार’ म्हणतात, ती व्यवहाराची जाण असलेली स्त्री आहे. बेलवलकरांच्या देण्यात मात्र प्रमाद आणि सद्गुण एकाच कृत्यात इतके मिसळून गेले आहेत की ते वेगळे काढता येत नाहीत. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, वृद्ध दांपत्य घर सोडते, वाटेत कावेरी जाते, आणि बेलवलकर विधात्याला जाब विचारतात. त्या विचारण्यात जेवढे सत्य आहे तेवढेच ते अपूर्णही आहे; कारण विधात्याने दस्तावर सही केलेली नव्हती.

दस्ताचा उल्लेख मी मुद्दाम करतो. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा झाला, आणि त्याच्या २३व्या कलमान्वये, देखभाल करण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने किंवा अन्यथा दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, वृद्धाच्या इच्छेवरून रद्दबातल ठरविता येते. त्यासाठी दिवाणी दाव्याचे हेलपाटे घालावयाचे नाहीत. महाराष्ट्रात प्रांताधिकाऱ्यापुढे अर्ज चालतो. ज्याला एके काळी कलियुग म्हणून सोडून दिले जात होते, त्याला आता अर्जदार, जाबदार आणि हुकूम आहेत. हा कायदा आवश्यक आहे, आणि कोणा वृद्धाने आपली अडचण नशिबाची समजून घरात कोंडून घेऊ नये म्हणून त्याची माहिती गावोगावच्या चावडीवर असावयास हवी.

परंतु बेलवलकर असा अर्ज करतील काय? ज्याने कोणतीही अट न घालता दिले, त्याच्या दस्तात अटच नव्हती. आणि असती तरी नंदा-नलूला जाबदार म्हणून उभे करण्यासाठी तो माणूस प्रांत कचेरीच्या बाकावर नंबर येण्याची वाट पाहत बसला असता, असे मला वाटत नाही. तो बुटपॉलिश करणाऱ्या राजाच्या सोबतीने रस्त्यावर राहतो. आणि अखेर मुले शोधीत येऊन त्याला घरी चलण्याची विनंती करतात, तेव्हा त्याच्या मनात ऑथेल्लो, हॅम्लेट, सुधाकर अशा आयुष्यभर जगलेल्या भूमिकांची गर्दी झालेली असते आणि घर ही जागा त्याच्या लेखी उरलेलीच नसते. सारे देऊन टाकण्याचा त्याचा पहिला निर्णय अविचाराचा होता, असे कोणी म्हणाले तर मी भांडणार नाही. परत न जाण्याचा दुसरा निर्णय तसा नव्हता.