साक्रीमार्गे विसरवाडी

घटस्थापनेला, म्हणजे 22 सप्टेंबर 2025 ला, 350 सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या गाड्यांवर उपकरासकट 31 टक्के होता, तो 40 झाला. जळगावहून तोरणमाळला जायला जरा दमाची टुरिंग गाडी घेऊ म्हणणारा माणूस त्या दिवसापासून खासगी विमान आणि यॉट घेणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसला. गिरणेत यॉट घालायची तर आधी आवर्तन सुटायची वाट बघावी लागेल, हे दिल्लीला कोण सांगणार?

माझी 346 सीसीची जुनी बुलेट या हिशेबात साध्या माणसाची गाडी ठरली. गंमतच आहे. नव्वदच्या दशकात हीच गाडी घेऊन धुळ्याच्या आग्रा रोडवर उभा राहिलो, की ओळखीचे विचारत, "काय भाऊ, फौजदार व्हयना का?"

ऐंशीच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ते स्कूटरसाठी नंबर लावण्यात गेलं. 2010 नंतरच्या काळाचाही मला कंटाळा आहे: सगळ्यांकडे बुलेट, सगळ्यांचे लडाखचे फोटो, आणि गल्लीत सायलेन्सरचे फटाके. आमचं दशक 1991 ते 2001 चं.

धुळे-जळगाव हे नव्वदेक किलोमीटर तेव्हा राष्ट्रीय महामार्ग 6 वर होते. दोनच पदर आणि समोरून केळीचे ट्रक. आरएक्स 100 वाली पोरं फागण्यालाच दिसेनाशी होत, एरंडोलला चहाच्या टपरीवर भेटत आणि ग्लास रिकामे दाखवून चिडवत. ती आरएक्स 1996 ला बंद झाली, म्हैसूरचा येझदीचा कारखानाही त्याच साली. आम्हीही काही ऐटीत नव्हतो. 1994 ला आयशरने एनफिल्ड ताब्यात घेतली, तरी 2000 च्या सुमारास महिन्याला जेमतेम दोन हजार गाड्या खपत आणि कंपनी राहते की जाते, अशी चर्चा होती. डिझेल बुलेट आठवते कुणाला? साडेसहा हॉर्सपॉवर, पण लिटरला सत्तरच्या पुढे. लग्नाला निघालेला माणूस तिच्यावरून हळदीला निघून लग्नाला पोहोचे, पण पोहोचे.

पेट्रोलवालीची किक हा वेगळा विषय. डीकॉम्प्रेशनचा खटका दाबायचा, अँपिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू सरकवायची, खटका सोडायचा आणि मग पूर्ण अंगाने मारायची. चुकली तर उलटी किक पोटरीवर. पॉइंट घासायला खिशात पॉलिश पेपर असे. गाडी का बंद पडली, हे आम्हाला बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेलाच कळत असे. आज ते स्कॅनर लावल्याशिवाय मेकॅनिकलाही कळत नाही.

एनफिल्डच्याच हिमालयन 450 ची टेस्ट राइड घेतली ती हे सगळं डोक्यात ठेवून. खोटेनगरपासून बांभोरीचा पूल आणि परत. माझ्या बुलेटचे 18 घोडे, हिचे 40. सहा गिअर, पाण्याने थंड होणारं इंजिन, गोल पडद्यावर नकाशा. उजवा पाय सवयीने गिअर शोधत राहिला, तिथे आता ब्रेक असतो. ऐंशीच्या वेगाला बुलेटच्या आरशात मागचा ट्रक एकाचे तीन दिसतात. इथे त्याचा नंबर वाचता आला. ब्रेकची तर तुलनाच नको, कोंडाईबारीच्या उतारावर ड्रमब्रेकवर ज्याने श्वास धरलाय त्यालाच ते कळेल. एका बाबतीत मात्र म्हातारी सरस: कापसाच्या ट्रॅक्टरमागे ती तिसऱ्यात निमूट चालते, हिला तिथे दुसऱ्यावर, कधी पहिल्यावर आणावं लागतं.

आणि सस्पेन्शन! 200 मिलिमीटरचा ट्रॅव्हल हिमालयासाठी दिलेला, तो बांभोरीलाच वसूल झाला. महामार्गाचा क्रमांक 6 चा 53 झाला. याच 53 वर अमरावती-अकोला दरम्यान जून 2022 मध्ये पाच दिवसांत 75 किलोमीटर डांबर टाकून विश्वविक्रम झाला, पेढे वाटले गेले. आमच्या वाट्याला आलेलं फागणे-तरसोड चौपदरीकरण मात्र वर्षानुवर्षं रेंगाळलं. पारोळ्याच्या आणि एरंडोलच्या माणसाने ती धूळ खाल्ली, आणि आता त्याच धुळीत टिकणारी गाडी घ्यायची तर 40 टक्के.

टेस्ट राइड कुठेही चार-पाच किलोमीटरचीच मिळते. टुरिंगच्या गाडीचं त्यात काय कळणार? बसल्या बसल्या पाठ दुखायलाही तेवढा वेळ पुरत नाही. धुळ्याच्या एका मित्राने हीच गाडी घेतली आहे. येत्या रविवारी ती मागून साक्री, दहिवेल, कोंडाईबारी करत विसरवाडीपर्यंत नेणार आहे. बदल्यात त्याला माझी बुलेट हवीय दिवसभर. आयुष्यभर बटनावर गाडी सुरू केलेला माणूस आहे. अँपिअरच्या काट्याबद्दल त्याला अजून काही बोललेलो नाही.