भोवरा... पण मायक्रॉनमधला!

लहानपणी जाळी गुंडाळून लाकडी भोवरा आपण सगळ्यांनीच फिरवलाय. पण कुणी टेबलावर चिमटीने फिरवायचे धातूचे भोवरे जमवतो आणि एकेकासाठी हजारो रुपये मोजतो, असं सांगितलं तर? "वेड लागलंय!" असंच आपण म्हणू. पण मंडळी, हे लोक भोवरे नाही, मशीनिंग जमवतात!

२०१० च्या 'इन्सेप्शन' चित्रपटातल्या भोवऱ्याने अनेकांना या छंदाची ओढ लावली. २०१४ मध्ये 'फॉरेव्हरस्पिन' या कॅनेडियन कंपनीने लोकांकडून आगाऊ पैसे उभारून वेगवेगळ्या धातूंचे भोवरे बाजारात आणले. आज उत्तम भोवरा एका फिरकीत दहा मिनिटांहून जास्त फिरतो. हे जमतं कसं?

पहिली गोष्ट वस्तुमानाची. मोमेंट ऑफ इनर्शिया आठवा. वजन तेवढंच ठेवून ते कडेला नेलं, तर भोवरा वेग जास्त वेळ टिकवतो. म्हणून कड जाड आणि मधला भाग पोकळ. ॲल्युमिनियमची घनता २.७, पितळेची साधारण ८.५, तर टंगस्टनची १९.३ ग्रॅम प्रति घनसेंमी. त्यामुळे छोट्या आकारात जास्त वजन हवं असेल तर टंगस्टन. मात्र ते महाग आणि मशीनिंगला अवघड.

दुसरी गोष्ट टोकाची. टोक जितकं कठीण आणि गुळगुळीत, तितकं घर्षण कमी. म्हणून तिथे माणकाची किंवा सिरॅमिकची बारीक गोळी बसवतात आणि भोवरा खोलगट आरशावर फिरवतात, म्हणजे तो भरकटत नाही.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे समतोल. दांडी, चकती आणि टोक एकाच अक्षावर हवेत. जरा फरक पडला की भोवरा थरथरतो आणि ऊर्जा वाया जाते.

हे मी पुस्तकात नाही, लेथवर शिकलो. पितळेच्या बारमधून भोवरा काढला, पार्टिंग केलं आणि दांडीसाठी जॉब उलटा करून पुन्हा थ्री-जॉ चकमध्ये धरला. दिसायला झकास! पण फिरवला तर मिनिटभरही टिकेना. वर्कशॉपचे मामा हसले, "जॉब चकमधून सोडलास कशाला? सगळं एकाच सेटिंगमध्ये काढ." दुसऱ्यांदा आधी दांडी, मग चकती आणि शेवटी टोकाकडे निमुळतं करत पार्टिंग केलं. हा भोवरा दोन मिनिटांच्या पुढे गेला! रनआऊटची व्याख्या मी वायवासाठी पाठ केली होती. तिचा अर्थ त्या दिवशी कळला.

जपानमधल्या छोट्या कारखानदारांनी हेच ओळखलं. २०१२ पासून तिथे 'कोमा ताईसेन' म्हणजे भोवऱ्यांची महालढाई होते. भोवऱ्याचा व्यास २० मिमीच्या आत, आखाडा खोलगट, आणि जिंकणारा हरणाऱ्याचा भोवरा घेऊन जातो! एरवी दुसऱ्यांचे सुटे भाग बनवणारे कारागीर तिथे स्वतःचं कसब दाखवतात.

आपले वर्कशॉपमधले जॉब सबमिशननंतर भंगारात जातात. त्यातल्या एका उरलेल्या तुकड्याचा, मामांना विचारून, भोवरा करून बघा. स्टॉपवॉच लावा, धातू, व्यास, टोक आणि वेळ वहीत लिहा. संग्रहाची सुरुवात विकतच्या भोवऱ्यानेच व्हायला हवी असं थोडंच आहे? आणि हो, परीक्षकाला फसवता येतं, भोवऱ्याला नाही!