मनाई उठते तेव्हा

पाव फुगवणाऱ्या यीस्टला साखर मिळाली की त्याला दुसरे काही सुचत नाही. दीडेक तासाला एक कळी, कळीची नवी पेशी, तिला पुन्हा कळी. याच पेशीचा नायट्रोजन तोडा, साखरेऐवजी पोटॅशियम अ‍ॅसिटेटच्या पातळ द्रावणात तिला हलवत ठेवा. कळ्या थांबतात. पेशी डीएनएची एकदाच प्रत काढते आणि लागोपाठ दोन विभाजने करून (हेच अर्धसूत्री विभाजन) गुणसूत्रांचा निम्मा निम्मा संच चार बीजाणूंत वाटते. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर जुन्या पेशीच्या पातळ पिशवीत चार गोळे दाटीवाटीने बसलेले दिसतात. पिशवीची भिंत विकराने विरघळवून, काचेच्या बारीक सुईने हे चौघे वेगळे करून ओळीने मांडता येतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विंगे यांनी 1935 मध्ये यीस्टचे एकगुणित-द्विगुणित जीवनचक्र दाखवून दिले, त्यानंतरचे यीस्टचे आनुवंशशास्त्र बरेचसे या चौकडीवर उभे आहे.

पाठ्यपुस्तके ‘उपासमारीमुळे अर्धसूत्री विभाजन सुरू होते’ एवढे सांगून मोकळी होतात. ते अर्धेच खरे आहे. बीजाणू बनवायला इंधन लागते आणि ते अ‍ॅसिटेटसारखे काही मायटोकॉन्ड्रियात जाळूनच मिळते. म्हणून मायटोकॉन्ड्रिया निकामी झालेले यीस्ट कितीही उपाशी ठेवा, बीजाणू देत नाही. नायट्रोजन तुटपुंजा पण ग्लुकोज हजर, अशी स्थिती असेल तर द्विगुणित पेशी वेगळीच वाट धरते: लांबुडकी होते, साखळ्या करते, आगरच्या थरात घुसते. म्हणजे नायट्रोजन नको, ग्लुकोज नको, पण श्वसनाला काहीतरी हवे. शिवाय पेशीत ‘ए’ आणि ‘अल्फा’ या दोन्ही लिंगप्रकारांची जनुके हवीत. एकट्या एकगुणित पेशीने हा खेळ मांडला तर निम्मे करायला तिच्याकडे दुसरा संचच नसतो.

या सगळ्या अटी एका जनुकापाशी येऊन भिडतात. त्याचे नाव आयएमई-1. कासिर, ग्रानोत आणि सिमखेन यांनी 1988 मध्ये ते ओळखले. त्याच्या अलीकडचा नियंत्रक भाग डीएनएच्या दोन हजारांहून अधिक अक्षरांचा आहे. यीस्टच्या आटोपशीर जनुकसंचात ही चैनच म्हणायची. तिथला कारभार सरकारी फाइलीसारखा चालतो: प्रत्येक टेबलाची हरकत निघाल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. ग्लुकोज असेल तर पीकेए हे विकर हरकत घेते, नायट्रोजन असेल तर टॉर यंत्रणा.

सर्वांत मजेशीर हरकत एकगुणित पेशीची. तिथे आरएमई-1 नावाचे प्रथिन अर्धसूत्री विभाजन रोखते, हे मिचेल आणि हर्स्कोविट्झ यांनी 1986 मध्येच मांडले होते. ते आयएमई-1 ला दाबते कसे, याचे उत्तर 2012 मध्ये एमआयटीतल्या अँजेलिका अ‍ॅमन यांच्या गटाने दिले. आरएमई-1 स्वतः रस्ता अडवून उभे राहत नाही. ते शेजारून एक लांब आरएनए लिहायला लावते. या आरएनएपासून कोणतेही प्रथिन बनत नाही. पण लिहिण्याची क्रिया आयएमई-1 च्या नियंत्रक भागावरूनच पुढे जाते, आणि जाता जाता तिथला डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर अशा खुणा सोडते की तो भाग बंद होतो. मजकूर निरुपयोगी, लिहिणे मात्र कामाचे! द्विगुणित पेशीत ‘ए’ आणि ‘अल्फा’ची प्रथिने जोडीने आरएमई-1 लाच गप्प करतात. मनाई करणाऱ्यालाच मनाई.

पुढच्या टप्प्यातही हाच नमुना. यूएमई-6 हे प्रथिन वाढीच्या काळात अर्धसूत्री विभाजनाची कितीतरी जनुके बंद ठेवते. आयएमई-1 येऊन त्याला चिकटले की तीच जागा ती जनुके चालू करू लागते. मग एसपीओ-11 हे प्रथिन गुणसूत्रांना मुद्दाम तोडते, एका पेशीत दीडशेच्या आसपास ठिकाणी, आणि ती तूट सांधताना आईबापाच्या गुणसूत्रांत देवाणघेवाण होते. एवढी मोडतोड झाल्यावरही पेशीला पुन्हा चांगले अन्न दिले तर ती तुटी भरून काढते आणि कळ्या धरू लागते. एनडीटी-80 हा नियामक पुरेसा कामाला लागला की मात्र परतीची वाट बंद.

प्रत्येक यीस्ट या हरकतींना सारखेच वजन देत नाही. ओकच्या झाडावरचा एक वाण जवळजवळ शंभर टक्के बीजाणू देतो, तर वाइनच्या पिंपातला एक वाण जेमतेम काही टक्के. सेंट लुईसमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवले की या तफावतीचा मोठा वाटा केवळ चार अक्षरांवर ठरतो, आणि ती आयएमई-1, आरएमई-1 आणि आरएसएफ-1 या तीन नियामकांत आहेत. वाइनच्या पिंपात दर हंगामात साखर येणारच, त्यामुळे तिथे बीजाणूंची घाई परवडत नसावी, असा माझा तर्क. मुंबईत टीआयएफआरमध्येही यीस्टच्या अशाच अक्षरभेदांवर काम झाले आहे: टीएओ-3 या जनुकातला एक बदल बीजाणू करण्याची क्षमता वाढवतो, आणि त्याचा परिणाम विभाजनाच्या नेमक्या कोणत्या तासात घडतो, हे तिथे तपासले गेले.