जुना सिनेमा मागावा लागतो



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारलं, "बीबीसीनं जुने ब्रिटिश चित्रपट जास्त दाखवावेत ही मागणी तिथल्या लोकांची. त्यात आपण कशाला पडायचं?" प्रश्न रास्त आहे, तेव्हा आधी त्याचंच उत्तर देऊ.

एक तर लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरालाही थेट प्रक्षेपण पाहायचं, तर टीव्ही परवान्याची फी भरावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये ती वर्षाला १७४.५० पौंड झाली. म्हणजे मागायचा हक्क त्या घरालाही आहे. दुसरं कारण जरा मोठं आहे. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या प्रसारकाकडे काय मागायचं आणि कसं मागायचं, हे समजून घ्यायला या मागणीइतकं चांगलं उदाहरण आम्हाला सापडलं नाही.

सुरुवात एका विचित्र गोष्टीपासून करू. एक काळ असा होता, की ब्रिटिश चित्रपट ब्रिटिश टीव्हीवर दिसू नयेत म्हणून पैसे मोजले जात होते.

१९५० च्या दशकात तिथे टीव्ही घरोघरी पोचला आणि थिएटरं ओस पडायला लागली. तेव्हा १९५८ साली चित्रपटधंद्यातल्या मंडळींनी मिळून 'फिल्म इंडस्ट्री डिफेन्स ऑर्गनायझेशन' नावाची संस्था काढली. आद्याक्षरं जुळवली की होतं 'फायडो', इंग्रजीतलं कुत्र्याचं अगदी ठरलेलं नाव. आणि काम राखणदारीचंच होतं. प्रत्येक तिकिटामागे बारीकशी रक्कम बाजूला काढायची आणि त्या पैशातून निर्मात्यांकडून हमी विकत घ्यायची, की हा चित्रपट टीव्हीला विकणार नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही व्यवस्था मोडली. पण तोवर काही वर्षं अशी गेली, की ब्रिटिश घरांत अमेरिकन चित्रपट दिसायचे आणि इथलेच कितीतरी चित्रपट डब्यात पडून असायचे.

त्याआधीपासून अमेरिकेत नेमकं उलट चाललं होतं. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनी सुरुवातीला आपले चित्रपट टीव्हीला दिले नाहीत, म्हणून तिथल्या टीव्ही केंद्रांनी ब्रिटिश चित्रपट विकत घेतले. न्यूयॉर्कमध्ये दम्यानं आजारी असलेला एक मुलगा घरी बसून ते बघत होता. 'मिलियन डॉलर मूव्ही' या कार्यक्रमात एकच चित्रपट आठवडाभर पुन्हा पुन्हा लागायचा. त्यात त्यानं मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांचा 'द टेल्स ऑफ हॉफमन' पाहिला. मूळ चित्रपट झगमगीत रंगीत; यानं पाहिला तो कृष्णधवल, कापलेला, मध्ये मध्ये जाहिराती असलेला. तरी तो डोक्यात बसला. त्या मुलाचं नाव मार्टिन स्कोर्सेसी.

पुढे काय झालं बघा. पॉवेल यांच्या 'पीपिंग टॉम' या १९६० सालच्या चित्रपटावर ब्रिटिश समीक्षक तुटून पडले आणि त्यांची कारकीर्द जवळजवळ संपली. तोच चित्रपट १९७९ साली न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात पुन्हा लोकांसमोर आला, तो स्कोर्सेसींच्या पुढाकारानं. २००९ साली 'द रेड शूज'ची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली, त्यामागेही तेच होते. ब्रिटननं विसरलेला दिग्दर्शक ब्रिटनला परत मिळाला, तो अमेरिकन टीव्हीवर सिनेमे बघून मोठ्या झालेल्या एका प्रेक्षकामुळे.

आम्हाला सांगायचंय ते इथेच आहे. 'अभिजात' हा शब्द आपल्याकडे हल्ली भाषेच्या संदर्भात फार ऐकू येतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र कुणी दर्जा जाहीर करून तो अभिजात होत नाही. तो पुन्हा पुन्हा दिसावा लागतो. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा १९४६ चा अमेरिकन चित्रपट घ्या. त्या वेळी तो फारसा चालला नव्हता. १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, टीव्ही केंद्रांना तो दाखवणं परवडू लागलं, आणि दर नाताळात लागत लागत तो नाताळचा चित्रपट होऊन बसला. चित्रपट तोच होता, त्यातली एक चौकटही बदलली नव्हती. बदललं ते एवढंच, की तो लोकांच्या वाटेत येऊ लागला.

आता कुणी म्हणेल, "अहो, सगळं तर ऑनलाइन मिळतं. हवा तो चित्रपट शोधा आणि बघा." ज्याला नाव माहीत आहे तो शोधेल, हे खरं. पण ज्यानं 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' हे नावच ऐकलेलं नाही, तो काय शोधणार? त्या चित्रपटात ॲलेक गिनेस यांनी एकाच घराण्यातल्या आठ जणांच्या भूमिका केल्यात, हे त्याला कळणार कुठून? आपल्यापैकी कितीतरी जणांनी जुने कृष्णधवल मराठी चित्रपट पाहिले ते मुंबई दूरदर्शनवर, शनिवारी संध्याकाळी. निवडून पाहिले नाहीत. लागले म्हणून पाहिले. आजी पुढ्यात तांदूळ निवडत बसलेली, आणि मधेच "हा बघ, हा नट नंतर मोठा झाला" म्हणून सांगणार. सार्वजनिक प्रसारकाचं काम तेच आहे. आपण मागितलं नसतं, ते आपल्यासमोर ठेवायचं.

बीबीसीनं हे काम उत्तम केलेलं आहे, हेही सांगायला हवं. १९८८ साली बीबीसी टू वर 'मूव्हीड्रोम' नावाची मालिका सुरू झाली. रात्री उशिरा एक चित्रपट, आणि त्याआधी काही मिनिटं दिग्दर्शक ॲलेक्स कॉक्स तो का बघावा ते सांगायचे. नंतरच्या पर्वात ते काम मार्क कझिन्स यांनी केलं. पहिलाच चित्रपट होता 'द विकर मॅन'. १९७३ साली तो काटछाट करून, दुसऱ्या चित्रपटाला जोडून प्रदर्शित केला होता. आज ब्रिटिश भयपटांची कुठलीही यादी त्याच्याशिवाय पुरी होत नाही. ही मालिका २००० साली बंद झाली.

आजही बीबीसी जुने चित्रपट अजिबात दाखवत नाही, असं आम्ही म्हणणार नाही; सुट्टीच्या दिवशी सकाळी-दुपारी ते लागतात. पण ठरलेली वेळ आणि ओळख करून देणारा माणूस असलेली 'मूव्हीड्रोम' मात्र उरलेली नाही. प्रेक्षक नाहीत म्हणून? तर तसंही नाही. २०१५ साली एका बाप-लेकीनं 'टॉकिंग पिक्चर्स टीव्ही' ही मोफत वाहिनी सुरू केली, जुन्या, त्यातही बऱ्याच विस्मृतीत गेलेल्या ब्रिटिश चित्रपटांची. ती जाहिरातींवर चालते आणि आजही चालू आहे.

मग अडचण काय आहे? मोहीम चालवायची तर हे समजून घ्यायलाच हवं, नाहीतर आपण चुकीच्या दारावर थाप मारतो.

पहिली अडचण हक्कांची. लोकांना वाटतं, ब्रिटिश चित्रपट म्हणजे बीबीसीच्या कपाटात असणार. १९५५ साली बीबीसीनं ईलिंग स्टुडिओ विकत घेतला, पण घेतली ती जागा; चित्रपट नव्हेत. 'द लॅव्हेंडर हिल मॉब', 'द लेडीकिलर्स' यांसारख्या ईलिंगच्या गाजलेल्या विनोदी चित्रपटांचे हक्क आज स्टुडिओकॅनाल या फ्रेंच कंपनीकडे आहेत. 'द रेड शूज' ज्या रँक संग्रहातला, तो संग्रह बीबीसीच्या प्रतिस्पर्धी आयटीव्हीकडे गेला. म्हणजे प्रत्येक वेळी करार आणि पैसे आलेच. तरीही नव्या मालिकेच्या एका तासाला जो खर्च येतो, त्यापुढे जुन्या चित्रपटाचं प्रक्षेपण स्वस्तच पडतं.

दुसरी अडचण कमी दिसते, पण जास्त महत्त्वाची आहे. २०१७ पासून बीबीसीवर देखरेख ऑफकॉम या नियामकाची आहे. त्यांच्या परवान्यात अट असते, की वाहिनीच्या वेळातला मोठा वाटा नव्यानं करवून घेतलेल्या कार्यक्रमांचा हवा. हेतू चांगला आहे, लेखक-कलाकारांना काम मिळतं. पण १९४५ चा 'ब्रीफ एन्काउंटर' कितीही ब्रिटिश असला, तरी तो या हिशेबात बसत नाही. म्हणजे वेळापत्रक लावणाऱ्याला तो दाखवल्याबद्दल कुठेच गुण मिळत नाहीत. त्याची इच्छा असली तरी कोष्टक त्याच्या बाजूनं नाही.

तिसरा आक्षेप प्रामाणिक आहे आणि आपल्याशी त्याचा थेट संबंध आहे. या चित्रपटांत साम्राज्याची नजर आहे. 'ब्लॅक नार्सिसस' मधला हिमालय इंग्लंडमध्ये उभारलेला, आणि त्यातली हिंदुस्थानी मुलगी झाली आहे जीन सिमन्स, तोंडाला रंग लावून. डेव्हिड लीन यांच्या १९८४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया' मध्ये तर प्रोफेसर गोडबोले झालेत ते ॲलेक गिनेसच! गोडबोले आडनावाच्या कुणाही माणसानं तो बघावा आणि हसावं की रागवावं ते ठरवावं. पण म्हणून ते दाखवूच नयेत? आमचं मत नेमकं उलट आहे. दाखवा, आणि आधी पाच मिनिटं बोला. म्हैसूर संस्थानातून गेलेला साबू हा मुलगा तिथे नट कसा झाला, त्याला कोणत्या भूमिका मिळाल्या, हे सांगा. लपवलं तर नजर कशी होती हेच पुढच्या पिढीला कळणार नाही.

आता मोहिमेकडे येऊ. मोहिमांनी काही होतं का? होतं. २०१० साली खर्चकपातीत बीबीसीनं '६ म्युझिक' आणि 'एशियन नेटवर्क' ही दोन रेडिओ केंद्रं बंद करायचा प्रस्ताव मांडला. श्रोते खवळले. निदर्शनं झाली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तेव्हाच्या बीबीसी ट्रस्टनं मागवलेल्या अधिकृत अभिप्रायांत लोकांनी हजारोंनी लिहिलं. त्याच वर्षी जुलैमध्ये ट्रस्टनं '६ म्युझिक' बंद करायला नकार दिला, आणि पुढच्या वर्षी 'एशियन नेटवर्क'ही वाचलं. या दुसऱ्या केंद्रामागे दक्षिण आशियाई घरं उभी राहिली होती, हे आपण विसरू नये.

यातून शिकायचं ते हे. "पूर्वीसारखं आता काही राहिलं नाही" ही तक्रार झाली, मागणी नव्हे. मागणी अशी असावी, की समोरच्याला तिला हो किंवा नाही म्हणावं लागेल. आम्ही ती अशी लिहू:

एक, आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ, वर्षभर, जुन्या ब्रिटिश चित्रपटासाठी.
दोन, प्रत्येक चित्रपटाआधी थोडक्यात ओळख.
तीन, मूळ चौकटीत चित्रपट. नव्या रुंद पडद्यासाठी माणसांची डोकी कापू नका. सोबत उपशीर्षकं आणि दृष्टिहीनांसाठी ध्वनिवर्णन.
चार, नंतर काही आठवडे तो आयप्लेअरवर राहू द्या, म्हणजे रात्री ज्यांना जागता येत नाही त्यांनाही मिळेल.
पाच, ऑफकॉमच्या अटींत चित्रपटवारशाला काहीतरी जागा द्या.

पहिल्या चार मागण्या बीबीसीकडे करायच्या, पाचवी नियामकाकडे आणि सरकारकडे. बीबीसीची सध्याची राजसनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. नवी ठरताना लोकांची मतं मागवली जातात. स्थानिक खासदाराला पत्र लिहायची वेळ तीच. आणि पत्रात आपण काय पाहिलं, कुणाबरोबर पाहिलं, हे लिहा. एकाच मसुद्याच्या शंभर प्रतींपेक्षा अशी दहा पत्रं जास्त नीट वाचली जातात.

शेवटी एकच गोष्ट. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं २०१० साली हरवलेल्या पंच्याहत्तर ब्रिटिश चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. त्यात हिचकॉक यांचा १९२६ सालचा 'द माउंटन ईगल'ही आहे. हिचकॉकसारख्या माणसाचा चित्रपट हरवतो, कारण मधल्या काळात तो कुणी मागितलाच नाही. जे चित्रपट शाबूत आहेत, त्यांची रिळं सुरक्षित आहेत. पण ते बघून "हा बघ, हा नट नंतर मोठा झाला" असं सांगणारी पिढी आता थकत चालली आहे. ती असेपर्यंत तिच्या शेजारी बसून नातवंडांना हे चित्रपट बघायला मिळावेत, एवढ्यासाठी ही मागणी आहे.

 आता प्रश्न असतील तर घेऊ.