राहुटीचा पहारा

फराळाचे डबे अर्ध्यावर आले, की सुट्टीतल्या मंडळींना सह्याद्रीची हाक ऐकू येऊ लागते. पाऊस सरलेला, ओढे अजून वाहते, गवत कमरेइतके. राहुटी ठोकून दोन रात्री उघड्यावर काढायला याहून चांगला काळ नाही. पंचाईत एवढीच, की हे किड्यांनाही ठाऊक असते!

डास म्हणजे रात्रीचा शत्रू. शेकोटी पेटवली, तोंडावर चादर ओढली, की झाले, असा आपला समज. रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत ज्याच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, तो अ‍ॅनाफिलीस डास खरोखरच निशाचर आहे. त्याच्यासाठी कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हवी. पण डेंग्यूचा एडिस डास दिवसाढवळ्या चावतो. सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी विशेष. पायथ्याच्या वाडीत, उघड्या पिंपांशेजारी चहा पिताना तो गाठतो. तेव्हा लांब बाह्यांचा सदरा आणि उघड्या अंगावर डीट असलेले मलम दिवसाही हवेच.

तिसऱ्या शत्रूला तर पंखच नाहीत. माकडताप 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. 2016 साली तो सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही आढळला. तो पसरवणारी गोचिडीची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात. जंगलात माकड मरून पडलेले दिसले, तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. झुडपांतला चिगर नावाचा किडा याहूनही बारीक; त्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो.

म्हणून राहुटी साचलेल्या पाण्यापासून दूर, मोकळ्या जागी ठोकावी. विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. गवतावर थेट बसू नये, झुडपांवर कपडे वाळत घालू नयेत. संध्याकाळी काखा, कंबर, गुडघ्यांची मागची बाजू आणि मुलांचे केस तपासावेत. गोचीड चिकटलेली आढळली, तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल किंवा जळती काडी लावण्याचा घरगुती उपाय करू नये.

एवढे करूनही परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर ‘दगदग झाली असेल’ म्हणून अंगावर काढू नका. चिगरच्या चाव्याजागी पुष्कळदा काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. हा आजार वेळीच ओळखला, तर साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. उशीर झाला, तर जिवावर बेततो. डॉक्टरांना आपण कोठे राहून आलो हे कोण सांगणार?

गड पाहिल्याचे आपण चार लोकांना सांगतोच. ताप आल्यास त्या चारांत पहिले डॉक्टर असावेत.